वडापाव आत, जुना फ्लॅट बाहेर: रोजचे व्यवहार जीडीपीत मोजले जातात का, ते कसं तपासायचं

महिन्याभराचं बँक स्टेटमेंट किंवा यूपीआयची हिस्टरी उघडा आणि हातात पेन घ्या. प्रत्येक ओळीपुढे एक खूण करायची आहे. सगळी रक्कम जीडीपीत गेली असेल तर बरोबरची खूण, काहीच गेलं नसेल तर फुली, थोडाच भाग गेला असेल तर गोल. बारावीच्या पुस्तकातली व्याख्या तोंडपाठ असलेली मुलंसुद्धा इथे अडखळतात. भिशीचा हप्ता, दलाली, घडणावळ, सोसायटीचं मेंटेनन्स यांचं काय करायचं ते त्या व्याख्येत लिहिलेलं नसतं.

जीडीपी, म्हणजेच सकल देशांतर्गत उत्पादन, हे देशाच्या हद्दीत, ठरलेल्या मुदतीत तयार झालेल्या अंतिम वस्तू आणि सेवांचं पैशातलं मूल्य. आपल्याकडे वर्ष एप्रिल ते मार्च धरतात आणि हा हिशेब राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय मांडतं. पैसे या हातातून त्या हातात गेले, याला या व्याख्येत काही किंमत नाही. २०२४-२५ मध्ये यूपीआयवरून सुमारे २६० लाख कोटी रुपये इकडून तिकडे गेले. तो आकडा दाखवून ‘बघा, अर्थव्यवस्था केवढी वाढली’ म्हणणारे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. त्यात मुलाने बापाला पाठवलेले पैसेही आहेत आणि स्वतःच्याच एका खात्यातून दुसऱ्या खात्यात टाकलेलेही.

आधी फुल्या मारून घ्या

हे काम सोपं आहे आणि पान झटकन रिकामं होतं. ओळ वाचायची आणि विचारायचं: या पैशांच्या बदल्यात कुणी काही बनवलं का, कुणी काही काम केलं का? नसेल तर फुली.

गावी आईला पाठवलेले पाच हजार: फुली. आई त्यातून किराणा भरेल तेव्हा तो किराणा मोजला जाईल, तुमचं पाठवणं नाही. भाऊबीजेची ओवाळणी, लग्नातला आहेर, भिशीचा हप्ता आणि भिशी लागल्यावर मिळालेली रक्कम, मित्राला दिलेले उसने पैसे, सगळ्यांना फुली. ‘लाडकी बहीण’चे दरमहा १५०० रुपये खात्यात जमा झाले, त्यालाही फुली. ही हस्तांतरित देणी आहेत, म्हणजे बदल्यात काही काम न घेता दिलेले पैसे. सरकारच्या खर्चाची बेरीज करताना विद्यार्थी ती हमखास आत घेतात. सरकारी वृद्धापकाळ पेन्शनचंही तसंच. पगार मात्र कामाचा मोबदला आहे, तो उत्पन्नाच्या बाजूने मोजला जातो. दिवाळीचा बोनसही पगारातच आला. वाहतूक पोलिसांचं ई-चलान भरलं असेल तर फुली. लोकलमध्ये पाकीट मारलं गेलं तर तीही फुली, कारण चोराने काही उत्पादन केलेलं नाही.

एसआयपी, शेअर, मुदत ठेव, विमा, कर्जाचा हप्ता इथे मात्र हात आखडता घ्या. शेअर घेतले म्हणजे आधीपासून असलेल्या मालकीहक्काचा कागद एकाकडून दुसऱ्याकडे गेला, उत्पादन शून्य. पण ब्रोकरने घेतलेली दलाली आणि शेअर बाजाराने आकारलेलं शुल्क ही सेवेची किंमत आहे. एसआयपीत फंडाने कापलेला व्यवस्थापन खर्चही तसाच. विम्याचा पूर्ण हप्ता मोजत नाहीत, कारण त्यातला बराच भाग दाव्यांच्या रूपाने ग्राहकांकडेच परत जातो. कंपनीच्या सेवेचा वाटा काढून तेवढाच धरतात. राज्य लॉटरीतही बक्षिसं वजा करून उरतं तेवढीच सेवा. गृहकर्जाच्या हप्त्यात मुद्दल बाहेर आणि व्याजही जसंच्या तसं आत नाही. ठेवीवर बँक कमी व्याज देते आणि कर्जावर जास्त घेते. त्या फरकात तिने आपल्या सेवेचे पैसे वसूल केलेले असतात आणि सांख्यिकी कार्यालय तेवढ्याचाच अंदाज बांधतं. थोडक्यात, या सगळ्यांपुढे गोल काढा आणि तो छोटासाच काढा.

जुनं घर, नवं घर

मुंबईकराच्या आयुष्यातला सर्वांत मोठा व्यवहार घराचा, आणि जीडीपीत त्यातला किती भाग जातो हे ऐकून लोक चकित होतात.

समजा, दादरला १९९८ साली बांधलेला फ्लॅट दोन कोटींना विकला गेला. तो फ्लॅट १९९८ च्या आसपास, बांधकाम झालं तेव्हाच मोजून झाला. आज दोन कोटी हातबदल झाले तरी भिंत नवी उभी राहिलेली नाही. दोन कोटींना फुली. पण एजंटने दोन्हीकडून एकेक टक्का घेतला असेल तर ते चार लाख त्याच्या याच वर्षीच्या सेवेचे, ते आत. करारनामा करणाऱ्या वकिलाची फी आत. मुद्रांक शुल्क मुंबईत पुरुषाच्या नावावर सहा टक्के, म्हणजे बारा लाख, आणि बाईच्या नावावर पाच टक्के. आपल्या राष्ट्रीय हिशेबात मुद्रांक आणि नोंदणीची रक्कम उत्पादनावरच्या करांत बसते, म्हणून तीही आत. म्हणजे दोन कोटींच्या सौद्यातून जीडीपीला मिळाले साधारण सोळा-सतरा लाख.

नवीन फ्लॅट घेतला तर सगळी रक्कम आत, असं वाटतं. तेही खरं नाही. मुंबईत फ्लॅटच्या किमतीचा मोठा हिस्सा जमिनीचा असतो, आणि जमीन कुणी तयार केलेली नसते. बांधकामाचं मूल्य काढताना सिमेंट, पोलाद, विटा, लाकूड, फिटिंग्ज यांचा किती माल वापरला गेला तिथून सुरुवात होते, जाहिरातीतल्या चौरस फुटाच्या दरावरून नाही. शिवाय इमारत जसजशी उभी राहते तसतसं काम त्या त्या वर्षात धरलं जातं. स्लॅब गेल्या वर्षी पडला असेल तर तो गेल्या वर्षीच्या खात्यात गेला, ताबा केव्हाही मिळो. तेव्हा बिल्डरला दिलेल्या हप्त्याच्या तारखेवर जाऊ नका.

पुनर्विकासात राहता फ्लॅट सोडून भाड्याने गेलेल्यांच्या खात्यात बिल्डर दरमहा भाडं टाकतो आणि तेच पैसे पुढे घरमालकाला जातात. खूण एकदाच करायची, ती घरमालकाला दिलेल्या भाड्यापुढे. राहण्याची सेवा तिथे मिळाली. बिल्डरकडून आलेली रक्कम ही फक्त भरपाई.

आणि अनामत रकमेला फुली. ती परत मिळायची असते.

वडापाव कितीदा मोजायचा?

अंतिम वस्तू आणि मधला माल यांतला फरक शिकवायला वडापावइतकं चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. आकडे समजुतीसाठी घेऊ. गाडीवर वडापाव वीस रुपयांना. गाडीवाल्याने पाव चार रुपयांना बेकरीतून घेतला. बटाटा, बेसन, तेल, मसाला, गॅस मिळून आठ रुपये. बेकरीवाल्याने त्या एका पावासाठी मैदा, यीस्ट आणि जळण यांवर अडीच रुपये घातले.

आता कुणी वीस, चार, आठ आणि अडीच यांची बेरीज केली तर साडेचौतीस येतात. ही दुहेरी गणना. पाव वीस रुपयांच्या आतच आहे आणि मैदा पावाच्या आत. त्यामुळे एकतर शेवटचे वीस रुपये धरा, नाहीतर प्रत्येकाने आपल्या टप्प्यावर घातलेली भर धरा: गाडीवाल्याची आठ, बेकरीची दीड, आणि मागे आटा मिल, तेल गिरणी, शेतकरी, तुर्भ्याच्या बाजारातले व्यापारी यांची मिळून साडेदहा. बेरीज पुन्हा वीसच.

यात एक बारकी मेख आहे. वडा तळायचं तेल पामतेल असेल तर ते बहुधा इंडोनेशिया किंवा मलेशियातून आलेलं असतं. भारत आपल्या खाद्यतेलाच्या निम्म्याहून अधिक गरज आयातीवर भागवतो. त्यामुळे त्या वीस रुपयांतला तेलाचा काही भाग आयात म्हणून वजा होतो. वजाबाकी पाहून काही जण म्हणतात की आयातीने जीडीपी घटतो. तसं नाही. तुमच्या वीस रुपयांत परदेशी तेलाचे पैसे आधीच मिसळून आत आले होते, ते परत बाहेर काढले, इतकंच.

वस्तू अंतिम की मधली, हे वस्तूवर ठरत नाही, घेणाऱ्यावर ठरतं. एकाच पंपावर दोन दुचाक्या उभ्या आहेत. एकाने रविवारी पोरांना गोराईला न्यायला दोनशेचं पेट्रोल भरलं: अंतिम उपभोग, बरोबरची खूण. दुसरा जेवणाची पार्सलं पोचवतो आणि पेट्रोल स्वतःच्या खिशातून भरतो. त्याचे दोनशे म्हणजे त्याच्या धंद्याचा मधला खर्च. ते पार्सलच्या किमतीत येऊन बसले, वेगळे मोजायचे नाहीत. टोमॅटो तुम्ही घेतले तर अंतिम, उडपी हॉटेलने घेतले तर मधला माल. रिक्षाचे २६ रुपये तुम्ही स्टेशनला जाताना दिले तर खूण करा. तेच कंपनीने तुमच्या मीटिंगसाठी दिले तर ते कंपनीच्या खर्चात विरले. लोकलचा पास मात्र रोज ऑफिसला जाण्यासाठी काढलेला असला तरी घरचाच उपभोग धरतात.

हॉटेलच्या बिलातला पाच टक्के जीएसटी काढून टाकायचा नाही. दोनशेचं जेवण आणि दहा रुपये कर, तर २१० जीडीपीत. बातम्यांत ‘जीव्हीए’ (सकल मूल्यवर्धन) नावाचा दुसरा आकडा दिसतो, तो वस्तूंवरचे कर मिळवण्याआधीचा आणि अनुदानं वजा करण्याआधीचा. म्हणून दोन्हींचे वाढीचे दर कधी कधी वेगळे दिसतात.

सोसायटीचं बिल उलगडून बघा

मेंटेनन्सचे चार-पाच हजार ही एकच ओळ दिसते, पण तिच्या पोटात सगळे प्रकार आहेत. कागदी बिल काढा. वॉचमनचा पगार, लिफ्टची देखभाल, जिना झाडणाऱ्या माणसाचे पैसे, कॉमन लाइटचं बिल: या याच महिन्यात मिळालेल्या सेवा, आत. पाणीपट्टी, आत. सिंकिंग फंड, फुली. आदर्श उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या निदान पाव टक्का रक्कम दरवर्षी त्यात टाकायची असते, पण ती साठवण झाली. वीस वर्षांनी त्यातून कंत्राटदाराला काम दिलं की त्या वर्षी ते काम मोजलं जाईल. दुरुस्ती निधीचंही तेच: शिल्लक असेपर्यंत फुली, गिलावा झाला की खूण. मालमत्ता कर वेगळा वाढवून धरू नका. तो घराच्या राहण्याच्या मूल्यात, म्हणजे पुढे येणाऱ्या मानीव भाड्यात धरलेला असतो. थकबाकीवरच्या व्याजाला फुली.

एक पैसाही न देता मोजलं जातं ते

स्टेटमेंटमध्ये जे दिसतच नाही, त्यातलंही काही जीडीपीत असतं. तेव्हा कागदाच्या तळाशी थोडी जागा मोकळी ठेवा.

स्वतःच्या घरात राहता? मग तुम्ही स्वतःला भाडं देता असं मानलं जातं, हेच मानीव भाडं. शेजारचं तसंच घर तीस हजार भाड्याने गेलं असेल, तर तुमच्या घरानेही साधारण तेवढीच राहण्याची सेवा दिली असा अंदाज हिशेबात येतो. हे विचित्र वाटतं, पण यामागे कारण आहे. उद्या दोन शेजाऱ्यांनी घरं अदलाबदल करून एकमेकांना भाडं द्यायला सुरुवात केली, तर देशात काहीही न बदलता जीडीपी वाढायला नको. हेवी डिपॉझिटवर घेतलेल्या घरालाही हाच न्याय. भाडं शून्य असलं तरी राहण्याची सेवा शून्य नाही.

देवगडच्या काकांनी बागेतल्या हापूसची पेटी पाठवली, पैसे घेतले नाहीत. तरी आंबा मोजला गेला. शेतमालाचं उत्पादन किती झालं यावरून हिशेब होतो, मग तो विकला, खाल्ला की वाटला. केईएम रुग्णालयात नाममात्र पैशांत तपासणी झाली, महापालिकेच्या शाळेत मूल फुकट शिकतं, तिथे बाजारभाव नाही म्हणून डॉक्टर आणि शिक्षकांचे पगार, औषधं, वीज असा येणारा खर्चच सेवेचं मूल्य मानतात.

आणि इतकं सगळं आत घेऊनही घरातला स्वयंपाक बाहेरच राहतो. कांदिवलीहून फोर्टला जाणाऱ्या एका डब्याचा माग काढा. मंडईतली भेंडी, कणीक, सिलेंडर: आत. पहाटे उठून पोळ्या लाटणारीचे दोन तास: बाहेर. डबेवाल्याचा महिन्याचा पगार: आत. त्या घरात पोळ्यांना बाई ठेवली की तिचे पैसे आत आले, कारण पगार देऊन ठेवलेल्या घरकामगारांचं काम मोजायचं असा नियमच आहे. आणि डबा बंद करून कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून जेवण घेतलं की सगळंच आत. पोळी तीच, भाजी बहुधा जरा तिखट, आणि जीडीपी वाढला. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांची ८८. सरकारच मिनिटं मोजतं आणि सरकारच ती या बेरजेत घेत नाही. माझ्या मते या हिशेबातली ही सर्वांत मोठी उणीव आहे. पण परीक्षेत उत्तर लिहिताना ‘बाहेर’ असंच लिहा.

सोनं आणि गणपती

झवेरी बाजारातून घेतलेल्या हारापुढे गोल. सोनं बहुतांश आयात केलेलं असतं, त्यामुळे एका रकान्यात ‘मौल्यवान वस्तू’ म्हणून आत येतं आणि दुसऱ्यात आयात म्हणून बाहेर जातं. देशात राहते ती घडणावळ, सराफाचा नफा आणि कर. आजीच्या पाटल्या मोडून नवीन बांगड्या केल्या, तर जुन्या सोन्याच्या किमतीला फुली आणि फक्त नवी घडणावळ आत.

मंडळाला दिलेली वर्गणी फुली, दानपेटीत टाकलेले पैसे फुली. पण मंडळाने मांडववाल्याचं, रोषणाईचं आणि ढोल-ताशा पथकाचं बिल चुकवलं की ते आत. घरी आणलेली पेणची मूर्ती आत. विसर्जनानंतर काही मंडळं भाविकांनी वाहिलेल्या दागिन्यांचा लिलाव करतात. बोली कितीही चढली तरी वस्तू जुनीच, फुली.

हद्द, मुदत आणि बिन-बिलाचा धंदा

हद्दीचं थोडक्यात. बँकॉकच्या सहलीतलं हॉटेल थायलंडच्या जीडीपीत. पण विमानाचं तिकीट भारतीय कंपनीचं असेल तर ती सेवा आपली. गेटवेजवळ परदेशी पाहुण्याने टॅक्सी केली तर ती आपली निर्यात. दुबईतल्या भावाने पाठवलेले पैसे जीडीपीत नाहीत. महाराष्ट्राचं राज्य उत्पन्न काढताना हद्द आणखी आखडते: गुजरातच्या गोठ्यातल्या दुधाचं मूल्य तिकडे, बोरिवलीच्या दुकानदाराचं मार्जिन इकडे.

मुदतीचा घोळ छत्रीत दिसतो. मार्चमध्ये बनलेली छत्री गोदामात पडून राहिली, तरी ती साठ्यातली वाढ म्हणून त्याच वर्षात धरली गेली. जूनमध्ये तुम्ही ती घेतलीत तेव्हा नव्या वर्षात फक्त दुकानदाराचं आणि वाहतुकीचं मार्जिन आलं.

‘बिल नाही म्हणजे जीडीपीत नाही’ हा समज मात्र पक्का रुजलेला आहे. फेरीवाला, शिंपी, घरगुती शिकवणी यांच्या कमाईचा अंदाज असंघटित उद्योगांच्या सर्वेक्षणांतून घेतात. ते पाहणीवर आधारलेले ठोकताळे असतात, पण शून्य धरत नाहीत. कर चुकवला म्हणून उत्पादन नाहीसं होत नाही. लाच ही मात्र नुसती पैशांची सरकासरक, फुली. मटक्यासारख्या बेकायदा धंद्यांचं उत्पादनही, दोन्ही बाजू राजी असतील तर, आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तत्त्वतः आत येतं. पण त्याची माहिती देणार कोण? आपल्या आकड्यांत ते येत नाही.

खुणा झाल्या की सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरचं तिमाही पत्रक उघडा. तिमाही संपल्यावर साधारण दोन महिन्यांनी ते येतं. वडापाव, पास आणि मानीव भाडं ‘खाजगी अंतिम उपभोग खर्च’ या ओळीत सापडेल, आणि चालू किमतींच्या जीडीपीत या एका ओळीचा वाटा निम्म्याहून अधिक असतो. केईएमचा खर्च सरकारी उपभोगात, नवीन इमारतीचं बांधकाम ‘स्थिर भांडवल निर्मिती’त, गोदामातली छत्री ‘साठ्यातील बदल’ात. मग मौल्यवान वस्तू, निर्यात, आणि वजा चिन्हासह आयात. त्याखाली ‘विसंगती’ नावाची आणखी एक ओळ दिसेल. उत्पादनाच्या बाजूने काढलेला जीडीपी आणि खर्चाच्या बाजूने काढलेला जीडीपी तंतोतंत जुळत नाहीत, तो फरक तिथे लिहितात. ती ओळ कधी अधिक असते, कधी वजा, आणि काही तिमाहींत एवढी मोठी असते की त्यावरून अर्थतज्ज्ञांची जुंपते.